प्लेग, कल्याण स्टेशन आणि हाफकिन: साथ येण्याआधीची तयारी

पल्स पोलिओच्या रविवारी बाळाला घेऊन तुम्ही बूथवर गेला असाल, तर दोन थेंब पाजणाऱ्या त्या छोट्या बाटलीवर हाफकिन हे नाव कदाचित पाहिले असेल. परळची हाफकिन संस्था सर्पदंशावरच्या इंजेक्शनमुळेही घरोघरी माहीत आहे. बऱ्याच रुग्णांना ते एखाद्या कंपनीचे नाव वाटते. ते एका माणसाचे नाव आहे, आणि हा माणूस डॉक्टरही नव्हता.

त्यांच्याबद्दल आज लिहिण्याचे कारण असे. कुठे नवा विषाणू सापडल्याची बातमी टीव्हीवर आली, की आमच्या डोंबिवली-कल्याणच्या दवाखान्यांत एक प्रश्न हमखास येतो. आपल्याकडे तयारी आहे का? आणि लगेच पुढचा, खाटा किती आहेत? खाटांचा प्रश्न रास्तच आहे. 2020 मध्ये खाटेसाठी फोनामागून फोन केलेल्या घरांना तो कुणी समजावून सांगायला नको. पण खाट लागते ती माणूस आजारी पडल्यावर. साथ दाराशी येण्याआधी जी तयारी करायची असते ती बरीचशी डोळ्यांना दिसत नाही. ती समजून घ्यायला हाफकिन यांचे आयुष्य फार उपयोगी आहे, कारण त्यात ती तयारी जमलेलीही दिसते आणि एका बाटलीने कोसळलेलीही.

ओडेसा ते कोलकाता

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म 15 मार्च 1860 रोजी ओडेसा येथे झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते, आज युक्रेनमध्ये आहे. घर ज्यू धर्मीय. विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले आणि तिथे त्यांना गुरू मिळाले ते मेचनिकॉफ. आपल्या रक्तातल्या पेशी जंतूंना गिळतात हे ज्यांनी दाखवले, तेच हे मेचनिकॉफ. विद्यार्थी असताना हाफकिन यांनी ज्यू वस्त्यांवरच्या हल्ल्यांच्या वेळी संरक्षक दलात भाग घेतला, त्यासाठी अटकही झाली. धर्म बदलला असता तर विद्यापीठात पुढची वाट मोकळी होती. त्यांनी तो बदलला नाही. 1888 मध्ये देश सोडला, जिनिव्हात काही काळ काढला आणि पुढच्या वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम मिळाले, तेही ग्रंथालयात मदतनीस म्हणून. प्रयोग उरलेल्या वेळात.

तिथे त्यांनी पटकीवर, म्हणजे कॉलऱ्यावर लस तयार केली आणि 18 जुलै 1892 रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. युरोपातल्या वैद्यकीय मंडळींनी फारसा उत्साह दाखवला नाही. लस खरी तपासायची तर जिथे पटकी दरवर्षी येते तिथे जायला हवे होते. मार्च 1893 मध्ये ते कोलकात्यात उतरले. पुढच्या दोन-अडीच वर्षांत उत्तर भारतातून बंगाल-आसामपर्यंत चाळीस हजारांहून अधिक लोकांना त्यांनी लस टोचली.

या काळातली त्यांची एक सवय लक्षात ठेवा. कोलकात्याच्या वस्त्यांमध्ये एकाच घरातली काही माणसे लस घेत, काही नको म्हणत. हाफकिन दोघांचीही नोंद ठेवत. पाणी तेच, संडास तोच, शेजार तोच. मग साथ आली की कोण आजारी पडले आणि कोण नाही, हे ताडून पाहता येई. औषधाने बरे वाटले असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ज्यांनी औषध घेतले नाही त्यांचे काय झाले, हे विचारणारे कमी. तुम्हाला व्हॉट्सॲपवर एखादा काढा किंवा गोळी साथीवर रामबाण म्हणून आली, तर हाच प्रश्न विचारून पाहा.

मांडवीतला ताप

प्लेग 1894 मध्ये हाँगकाँगला होता. त्याच वर्षी तिथे त्याचा जंतू ओळखला गेला. म्हणजे शत्रू कोण हे माहीत होते, तो बंदरामागून बंदर पुढे सरकतो हेही माहीत होते, आणि मुंबई हे आशियातले मोठे बंदर होते. तरीही साथ ओळखली ती कुठल्या यंत्रणेने नव्हे, तर मांडवीत दवाखाना चालवणाऱ्या एका डॉक्टरने.

गोव्याचे डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी 23 सप्टेंबर 1896 रोजी एका रुग्णाचा ताप आणि गाठ पाहून हा प्लेग आहे असे निदान केले. मांडवी म्हणजे धान्याच्या गोदामांचा भाग, उंदरांचे माहेरघर. एवढ्या मोठ्या व्यापारी शहरात प्लेग जाहीर करणे म्हणजे काय, याची कल्पना करा. जहाजे अडणार, माल अडणार, लोक पळणार. निदानावर आधी शंका घेतल्या गेल्या, मग इतर तज्ज्ञांनी तपासून ते खरे ठरवले. मुंबईत मेट्रो सिनेमासमोर व्हिएगस यांचा पुतळा आहे. तुम्ही त्याच्यासमोरून अनेकदा गेला असाल.

इथे मी जनरल प्रॅक्टिस करणाऱ्यांची बाजू थोडी घेणार आहे. साथ प्रथम पोहोचते ती मोठ्या हॉस्पिटलात नाही, गल्लीतल्या दवाखान्यात. दहा तापांमधला एक ताप वेगळा वाटणे आणि तो महापालिकेच्या आरोग्य विभागाला वेळेत कळवणे, इथून तयारी सुरू होते. म्हणून तुमचे डॉक्टर डेंग्यूचा किंवा स्वाइन फ्लूचा रिपोर्ट आला की नाव-पत्ता महापालिकेला कळवतात. टीबीची नोंद तर 2012 पासून प्रत्येक डॉक्टरवर बंधनकारक आहे. अनेक घरांना हे आवडत नाही. बिल्डिंगमध्ये फवारणीवाले आले तर लोक काय म्हणतील, ही भीती मी रोज ऐकतो. ती भीती 1896 मध्येही होती, आणि तेव्हा लोक आजारी माणसाला घरात लपवत होते.

कल्याण स्टेशनवर

भारतातली पहिली प्रवासी रेल्वे 1853 मध्ये ठाण्यापर्यंत आली आणि पुढच्या वर्षी कल्याणपर्यंत. कल्याणहून एक फाटा नाशिककडे जातो, एक पुण्याकडे. 1896-97 च्या हिवाळ्यात आठ लाखांच्या मुंबईतून निम्म्याच्या आसपास लोक बाहेर पडले, गाडीने, बोटीने, पायी. त्यांतले गाडीने निघालेले बहुतेक कल्याणवरून जाणार हे उघड होते. त्यामुळे कल्याण हे प्लेगच्या तपासणीचे महत्त्वाचे ठाणे झाले. प्रवाशांना उतरवून ताप आणि काखेत, जांघेत, मानेला गाठ आहे का, हे पाहिले जाई. संशय आला तर माणूस घरच्यांपासून बाजूला काढला जाई.

फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग कायदा झाला. मार्च 2020 मध्ये आपल्या राज्यात लागू केलेला कायदा तोच. त्याने अधिकाऱ्यांना प्रचंड अधिकार दिले. ते कसे वापरले गेले हा इतिहास मराठी माणसाला वेगळा सांगायला नको. घरात शिरून झडत्या, बायकांची अंगाला हात लावून तपासणी, सामान जाळणे. पुण्यात प्लेग कमिशनर रँड यांच्यावर 22 जून 1897 रोजी गोळ्या झाडल्या गेल्या.

या तपासणीचा एक मोठा दोष तेव्हा कुणालाच माहीत नव्हता. प्लेग पसरवतात त्या उंदरांच्या अंगावरच्या पिसवा. हे 1898 मध्ये कराचीत काम करणाऱ्या सिमोन या फ्रेंच डॉक्टरने दाखवले आणि सर्वांना पटायला आणखी काही वर्षे गेली. म्हणजे माणूस स्टेशनवर अडवला जात होता, तेव्हा धान्याच्या पोत्यातला उंदीर आणि गाठोड्यातली पिसू निवांत पुढे जात होती. पण तपासणी अजिबात निरुपयोगी होती असेही मला म्हणायचे नाही. कुठल्या गाडीने कोण कुठे गेले ही माहिती साथीत सोन्याच्या मोलाची असते. डिसेंबर 2021 मध्ये महाराष्ट्रातला ओमायक्रॉनचा पहिला रुग्ण सापडला तो आपल्या कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत, परदेशातून आलेला प्रवासी. त्या वेळी संपर्कात आलेल्यांचा माग काढून त्यांच्या चाचण्या करता आल्या. हे प्रवासाची खरी माहिती मिळाली तरच होते. डॉक्टर विचारतात, कुठे बाहेरगावी गेला होतात का, तेव्हा तो गप्पांचा प्रश्न नसतो.

एक खोली आणि एक व्हरांडा

सरकारने हाफकिन यांना कोलकात्याहून बोलावले आणि ऑक्टोबर 1896 मध्ये ते मुंबईत आले. जागा मिळाली ती भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात, एक खोली आणि बाहेरचा व्हरांडा. माणसे मिळाली ती एक कारकून आणि तीन शिपाई. पुढच्या तीन महिन्यांत मदतनीसांपैकी दोघे सोडून गेले आणि एकाचे मन ताणाखाली ढासळले.

लस बनवायची पद्धत आज वाचताना घरगुती वाटते. प्लेगचे जंतू रस्स्यासारख्या पातळ पदार्थात वाढवायचे. त्यासाठी गाय किंवा डुक्कर वापरले तर कुठल्या ना कुठल्या समाजाची माणसे लस नाकारणार, म्हणून हाफकिन यांनी बोकडाचे मांस घेतले. वर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. त्या थेंबांना धरून जंतूंच्या वसाहती छताला लोंबणाऱ्या कोळिष्टकांसारख्या खाली वाढत. मग सगळे तापवून जंतू मारायचे आणि कार्बोलिक आम्ल घालायचे. मेलेल्या जंतूंची ही लस शरीराला खऱ्या जंतूची ओळख करून देते, आजार देत नाही. आजच्याही काही लसी याच तत्त्वावर चालतात.

10 जानेवारी 1897 रोजी हाफकिन यांनी ती स्वतःला टोचून घेतली, आणि नंतर लोकांना दिली जाणार होती त्यापेक्षा बरीच मोठी मात्रा घेतली. ताप आला, हात दुखला, काम चालू राहिले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळा तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या साधारण निम्म्या कैद्यांनी स्वतःहून लस घेतली. न घेतलेल्यांत 12 जण आजारी पडले आणि 6 दगावले. घेतलेल्यांत 2 आजारी पडले, दगावले कुणी नाही. कैद्याच्या होकाराला कितपत होकार म्हणायचे, ही शंका आज कोणतीही नीतिसमिती काढेल, आणि काढायलाच हवी. पण दोन्ही गटांची नोंद ठेवण्याची कोलकात्याची सवय इथे कामी आली, एवढे खरे.

लस आहे म्हणून लोक घेतील असे नसते. लशीत काय काय आहे याच्या अफवा तेव्हाही शहरभर होत्या. तेव्हा विशीच्या आत-बाहेर असलेल्या आगाखानांनी हाफकिन यांना आपली एक वास्तू वापरायला दिली, लोकांसमोर स्वतः लस टोचून घेतली, आणि खोजा समाजातल्या हजारो लोकांनी त्यांच्यामागे लस घेतली. सरकारी जाहीरनाम्याला जे जमले नव्हते ते ओळखीच्या माणसाच्या उघड्या दंडाने केले. पुढे डॉ. व्हिएगस यांनीही हजारो लोकांना स्वतः लस टोचली. कोविडच्या काळात कल्याण-डोंबिवलीत महापालिकेने खासगी डॉक्टरांना बरोबर घेऊन डॉक्टर आर्मी उभी केली, तिचा उपयोग मनुष्यबळापुरता नव्हता. वर्षानुवर्षे ज्यांच्याकडे जातो ते डॉक्टर सांगताहेत, यालाही वजन होते.

लस पूर्ण संरक्षण देत नव्हती हे हाफकिन यांनी लपवले नाही. आजार होण्याची शक्यता कमी होई, मृत्यूची आणखी कमी होई. लस घेऊनही आजारी पडलो, मग उपयोग काय, असे तुम्ही 2021 मध्ये म्हणाला असाल तर त्याचे उत्तर या वाक्यात आहे.

10 ऑगस्ट 1899 रोजी परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये प्लेग प्रयोगशाळा सुरू झाली. व्हरांड्यात सुरू झालेले काम गव्हर्नरच्या निवासात आले, आणि इथून लाखो मात्रा देशभर जाऊ लागल्या.

53 एन क्रमांकाची बाटली

30 ऑक्टोबर 1902. पंजाबातले मलकोवाल हे गाव, आज पाकिस्तानात आहे. त्या दिवशी तिथे शंभरावर लोकांना प्लेगची लस दिली गेली. त्यांतल्या 19 जणांना काही दिवसांनी धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. त्या 19 जणांची लस एकाच बाटलीतली होती. क्रमांक 53 एन. बाकीच्या बाटल्यांतून लस घेतलेल्यांना काही झाले नाही.

एकोणीस माणसे साथीने नाही, साथीपासून वाचायला घेतलेल्या औषधाने गेली. त्या गावातल्या घरांना पुढे लशीबद्दल काय वाटले असेल, ते सांगायला नको.

चौकशी समितीने दोष प्रयोगशाळेवर टाकला. मागणी वाढल्यावर हाफकिन यांनी कार्बोलिक आम्लाची पायरी वगळून उष्णतेवर भर दिला होता, त्यावर बोट ठेवले गेले. त्यांना पदावरून दूर केले गेले आणि ते युरोपात गेले. पण कागदपत्रांत वेगळेच काही होते. गावात बाटली उघडताना मदतनीसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करता बुचाला लावला गेला होता. धनुर्वाताचा जंतू मातीतच असतो. बाटली मुंबईतच दूषित झाली असती तर इतक्या आठवड्यांनी उघडताना तिला घाण वास यायला हवा होता. तसा वास आला नव्हता.

हे मान्य व्हायला जवळपास पाच वर्षे गेली. मलेरियाचा डास शोधणारे रोनाल्ड रॉस हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले. जुलै 1907 मध्ये रॉससह दहा नामवंत जंतुशास्त्रज्ञांचे पत्र लंडनच्या टाइम्समध्ये आले, आणि त्याच वर्षी सरकारने त्यांना पुन्हा कामावर घेतले. परळची प्रयोगशाळा मात्र परत मिळाली नाही. नेमणूक झाली ती कोलकात्याला, जिथे लस बनवण्याची सोयच नव्हती. हाफकिन परके होते, ज्यू होते, आणि वैद्यकीय पदवी नसताना सैनिकी डॉक्टरांच्या वर बसले होते. मलकोवालचे कारण नसते तर दुसरे सापडले असते, असे मला ही कथा वाचताना नेहमी वाटते.

मलकोवालमधून तुम्हाला आज मिळणाऱ्या काही गोष्टी मात्र ओळखीच्या आहेत. गोवर-रुबेलाची किंवा बीसीजीची लस पाण्यात मिसळली की बाटलीवर वेळ लिहिली जाते, आणि चार तासांनंतर उरलेली लस टाकून दिली जाते. आरोग्यसेविका अर्धा तास बसायला सांगते. कार्डावर लस आणि तारीख लिहिली जाते, केंद्रावर बॅच क्रमांकाची नोंद होते. लशीनंतर काही गंभीर घडले तर त्याची चौकशी करणारी समिती जिल्हा पातळीवर असते, ठाणे जिल्ह्यातही. ज्या दिवशी बाटली कमी भरते आणि सेविका उरलेली लस टाकून देते, त्या दिवशी ती वाया घालवते आहे असे समजू नका. लस घेतल्यावर बाळाला जास्त ताप आला, झटका आला, सुई टोचलेल्या जागी गाठ पिकली, तर घरी गप्प बसू नका किंवा नुसते ग्रुपवर टाकू नका. जिथे लस घेतली तिथे कार्ड घेऊन जा आणि नोंद करायला सांगा. 53 एन हा क्रमांक लिहिलेला होता, म्हणूनच बाकीच्या सगळ्या बाटल्या निर्दोष ठरवता आल्या.

प्लेगबद्दल विचाराल तर आज तो योग्य वेळी ओळखला तर प्रतिजैविकांनी बरा होतो, आणि त्याची लस आपल्याकडे सर्वसामान्यांना दिली जात नाही. उंदीर अचानक मरून पडू लागले तर महापालिकेला कळवणे मात्र अजूनही शहाणपणाचे आहे. मेलेल्या उंदराला उघड्या हाताने उचलू नका.

हाफकिन पहिल्या महायुद्धाच्या सुमारास निवृत्त होऊन भारतातून गेले. लग्न केले नव्हते. उरलेली वर्षे बहुतेक फ्रान्समध्ये काढली, धर्माच्या अभ्यासात अधिक रमले, आणि संपत्ती ज्यू मुलांच्या शिक्षणासाठी ठेवली. 1925 मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव दिले गेले. 26 ऑक्टोबर 1930 रोजी स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथे ते वारले. 2020 मध्ये मुंबईत कोविडच्या चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळांमध्ये परळची हाफकिन संस्थाही होती.